गोव्यात ऑपेरा हाऊस शोधू नका, तियात्राचं तिकीट काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २६ डिसेंबर ते १ जानेवारी तुम्ही दोघं पुण्याहून गोव्यात येताय, मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस पाहून भारावला आहात, आणि पोर्तुगीज साडेचारशे वर्षं इथे होते म्हणजे तसंच एखादं थिएटर गोव्यातही असेल, ते कुठे, असं तुम्हाला हवंय. शिवाय समुद्र आणि कॅसिनो सोडून संध्याकाळी पाहण्यासारखं काय आहे, तेही.

सोनेरी कोरीवकाम, घोड्याच्या नालासारखे सज्जे, मखमली पडदा असं ऑपेरा हाऊस आज गोव्यात नाही. पण ऑपेरा गोव्याला लागला तो तुमच्या त्याच मुंबईमार्गे. लुकाझिन रिबेरो नावाचा गोंयकार मुंबईत एका इटालियन ऑपेरा कंपनीबरोबर काम करायचा. तिथलं पाहून त्याने, मडगावच्या जुआंव आगुस्तीन फर्नांडिस यांना सोबत घेऊन, 'इटालियन भुरगो' (इटालियन मुलगा) हा कोकणी खेळ बसवला आणि १७ एप्रिल १८९२ ला मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात लावला. तो पहिला तियात्र, म्हणजे गाण्यांनी भरलेलं कोकणी नाटक. फर्नांडिसांनी पुढे आयुष्यभर तियात्र लिहिले, म्हणून त्यांना 'पाय तियात्रिस्त' म्हणतात, म्हणजे तियात्राचा बाप. त्यांच्या पत्नी रेजिना १९०४ साली तियात्राच्या मंचावर आल्या. आपल्या संगीत नाटकात तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत होते, हे लक्षात घ्या.

म्हणून माझं पहिलं सांगणं: एक संध्याकाळ तियात्राला द्या, आणि शक्यतो मडगावच्या रवींद्र भवनात. फातोर्ड्याला आहे, तिथल्या मोठ्या प्रेक्षागृहाला 'पाय तियात्रिस्त' हेच नाव दिलंय. नाताळच्या आगेमागे मुंबई-आखातातली मंडळी गावी आलेली असतात, तेव्हा खेळ भरपूर लागतात. बहुधा दुपारी साडेतीन आणि संध्याकाळी सातला. जाहिराती कोकणी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत, शिवाय सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात फिरताना भिंतीवर, नाक्यावर पोस्टर दिसतीलच.

'कोकणी कळणार नाही' ही भीती काढून टाका. मराठी माणसाला निम्म्याहून जास्त समजतं, उरलेलं शेजारी बसलेली आजी समजावून सांगते, न विचारता. तियात्राची घडणच वेगळी आहे. मुख्य गोष्ट साधारण सहा-सात 'पड्ड्यां'त, म्हणजे प्रवेशांत विभागलेली, आणि प्रत्येक दोन पड्ड्यांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी. ही गाणी कथेशी संबंधित असतीलच असं नाही. पडदा पडतो, गायक पडद्यापुढे माइकजवळ येतो, मागे खुर्च्या-टेबलं सरकवल्याचा आवाज येत असतो आणि हा पुढे उभा राहून रस्त्यातले खड्डे, जमिनी विकणारे, पक्ष बदलणारे आमदार यांची सालटी काढत असतो. सेट बदलायला वेळ हवा, म्हणून ही सोय. पण लोक अर्धे त्या गाण्यांसाठीच येतात. मंचाच्या एका बाजूला ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रमवाले खरे वादक बसलेले. ओळ टोचली की ट्रम्पेट एक फटकारा मारतो, आणि मागच्या रांगेतून 'वन्स मोर' येतं. नाट्यसंगीताच्या मैफिलीतला वन्स मोर तुम्ही ऐकला असेल. हा त्याचाच भाऊ, जरा जास्त मोठ्या आवाजाचा. चेहरा न दिसणाऱ्या मधल्या खुर्च्यांपेक्षा वादकांच्या बाजूची पुढची खुर्ची मागा.

आता इमारत म्हणून पाहायची असेल तर पणजीचं कला अकादमी. कांपालला, मांडवीच्या अगदी काठावर. चार्ल्स कोरिया यांची रचना, १९८३ साली पूर्ण झाली. ही वास्तू उंच होऊन मिरवत नाही, आडवी पसरते. रस्त्यावरून आत शिरलात की छपराखालून चालत चालत नदीपाशीच निघता, मध्ये दार असं लागतच नाही. नाटक नसलं तरी लोक तिथे बसायला, पोरांना नाचाच्या वर्गाला सोडायला येतात. मुख्य नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव, आणि ते योग्यच, त्यांचं गाव मंगेशी फोंड्याच्या बाजूला अर्ध्या तासावर आहे. आत व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी भिंतींवर जुन्या थिएटरचे सज्जे रंगवलेत, त्यांत बसलेली गोंयकार मंडळी खेळ बघतायत असं. तुम्हाला हवे असलेले ऑपेरा हाऊसचे सज्जे गोव्यात आहेत ते हेच, रंगवलेले. पहिल्यांदा गेलात तर दिवे मंद व्हायच्या आधी दहा मिनिटं आत जाऊन बसा, नाहीतर ते चुकतील.

नूतनीकरणासाठी ही वास्तू २०२१ पासून बंद होती, २०२३ च्या नोव्हेंबरात उघडली. त्यानंतर ध्वनी आणि प्रकाशयोजनेवरून कलाकार आणि सरकार यांच्यात बरीच वादावादी झाली, ती इथे उकरत नाही. वास्तू पाहण्यासारखी आहेच. तुमच्या मुक्कामात मराठी नाट्यस्पर्धेचे प्रयोग लागले असतील तर एक बघा. गोव्यातल्या खेड्यापाड्यांतले शिक्षक, कारकून, पंचायतीतले लोक काय ताकदीचं काम करतात ते पुण्याच्या प्रेक्षकाने पाहायलाच हवं. हे जरा चिडवण्यासाठीच लिहिलंय.

एक सूचना स्वतः चटका खाऊन मिळवलेली. काही वर्षांपूर्वी नाशिकच्या पाहुण्यांना घेऊन मी एका सभागृहावर गेलो, पेपरातली जाहिरात कापून खिशात होती. दारात कळलं, सभागृह ऐनवेळी दुसऱ्या कार्यक्रमाला दिलंय, प्रयोग पुढे ढकलला. पाहुण्यांनी त्या रात्री माझ्या घरी फिश करी खाल्ली, पण मला तोंड वर काढायला जागा नव्हती. तेव्हापासून निघण्याआधी त्याच दिवशी तिकीट खिडकीला फोन करतो. तुम्हीही करा.

पणजीतच, आझाद मैदानाला लागून, इन्स्टिट्यूट मिनेझेस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग चितारलेत. वीस मिनिटं पुरतात. नदीवरच्या बोटीतल्या 'सांस्कृतिक कार्यक्रमा'बद्दल विचारलंत, तर पैसे वाचवा. तिथे मांडोच्या, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाच्या जुन्या प्रेमगीताच्या नावाखाली जे ऐकवतात त्याने मांडोचं नाव खराब होतं. खरा मांडो संथ, व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीने, आणि शेवटी त्याला द्रुत दुलपद जोडलेलं. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी तोंड असलेलं मातीचं मडकं. पूर्वी एका तोंडावर घोरपडीचं कातडं असायचं, आता बोकडाचं. फादो, म्हणजे पोर्तुगीज विरहगीत ऐकायचं असेल तर पणजीतल्या फोंताईन्हास या जुन्या वस्तीच्या बाजूला छोट्या खोल्यांत मैफिली होतात, चौकशी करून जागा आधी राखून ठेवा.

जुन्या गोव्यात टेकडीवरच्या मोंत चॅपेलमधला संगीत महोत्सव सगळ्यात देखणा, पण तो फेब्रुवारीच्या सुमारास असतो. तुमच्या तारखांत बसत नाही. पुढच्या वेळी.

आता मी असतो तर काय चुकवलं नसतं ते सांगतो. नाताळनंतरचा पहिला सोमवार, उत्तर गोव्यातल्या शिवोली गावचा जागर, म्हणजे सोंगांचं लोकनाट्य. तुमच्या तारखा बघता तो सोमवार मुक्कामात येतोच. हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात, रात्री उशिरा सुरू होतं. तिकीट नाही, खुर्ची मिळाली तर मिळाली. सोंगं, गाणी, घुमट, सगळं अंगणातल्यासारखं जवळून. फोटो काढण्याआधी विचारा, देवाचं काम आहे ते.

आणि गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडण्याकडच्या जत्रांत दशावतार. मंडळं बहुतेक तळकोकणातली, नावं गावांवरून, वालावलकर, मोचेमाडकर अशी. खेळ मध्यरात्रीच्या आसपास सुरू होतो. आधी गणपती, मग संकासुर येऊन लोकांना हसवतो, आणि मूळ आख्यान रंगेपर्यंत दोन वाजतात. लेखी संहिता नाही, राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहून जागच्या जागी संवाद जुळवतात. पायपेटीवाला त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेला असतो, कारण वाक्य कुठे संपून पद कुठे सुरू होणार हे त्यालाही आधी माहीत नसतं. कुठल्या गावी कधी आहे ते हॉटेलवाल्यापेक्षा देवळाच्या पुजाऱ्याला किंवा रिक्षावाल्याला विचारा.

रात्री परतायला बस मिळेल हे अजिबात गृहीत धरू नका, पणजी-मडगावसुद्धा नाही. भाड्याची गाडी ठेवा किंवा टॅक्सी परतीसकट ठरवा, भाडं आधीच बोलून. जत्रेत गेलात तर एक शाल आणि बसायला सतरंजी न्या. पहाटे दव पडतं. येताना आल्याचं खाजें घ्या, बेसनाच्या कांड्यांवर गूळ चढवलेला असतो. कागदाच्या पुडीत मिळतं आणि पुण्यापर्यंत टिकतं, तुम्ही वाटेत संपवलं नाही तर.