विंडो उघडली, पण गोठली का? टीकेइंटरविषयी वाचकांचे प्रश्न

पायथनसोबत मिळणाऱ्या टीकेइंटर लायब्ररीने पहिली विंडो उघडलेल्या वाचकांचे हे प्रश्न आहेत. कोडमधले शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत करायचे.

प्रश्न : पायथनसोबत येणाऱ्या आयडल या एडिटरमध्ये एकेक ओळ लिहिली की विंडो छान दिसते. तोच कोड फाइलमध्ये सेव्ह करून डबल क्लिक केला की क्षणभर काहीतरी चमकतं आणि सगळं गायब. (पदविका विद्यार्थिनी, सांगली)

तुमच्या फाइलमध्ये शेवटची ओळ राहिली आहे : रूट.मेनलूप(). (रूट म्हणजे तुमची मुख्य विंडो.) स्क्रिप्ट वरून खाली चालते, शेवटची ओळ झाली की संपते आणि जाताना विंडोही घेऊन जाते. आयडल स्वतःच टीकेइंटरमध्ये लिहिलेलं आहे आणि शेलमागे, म्हणजे एकेक ओळ चालवणाऱ्या पडद्यामागे, तुमच्या विंडोचीही देखभाल करतं, म्हणून तिथे ही चूक झाकली गेली.

मेनलूप नीट समजून घ्या, कारण पुढचे बरेच प्रश्न त्याच्याशीच येऊन थांबतात. आजवर तुम्ही इनपुट() वापरून प्रोग्राम लिहिले असतील. तिथे प्रोग्राम विचारतो आणि माणूस उत्तर देतो. विंडोत सूत्रं माणसाच्या हातात जातात. तो कुठलं बटण कधी दाबेल, विंडो कधी ओढून मोठी करेल, काही सांगता येत नाही. अशी प्रत्येक घटना, म्हणजे इव्हेंट, रांगेत येऊन बसते. मेनलूप रांगेतली एक घटना उचलतो, तिच्यासाठी नेमलेलं फंक्शन चालवतो आणि पुन्हा रांगेकडे येतो. विंडो बंद होईपर्यंत त्याचं हेच काम.

प्रश्न : दुकानाच्या बिलांची सीएसव्ही फाइल वाचून हिशेब करणारा प्रोग्राम केला. बटण दाबलं की विंडो पांढुरकी पडते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. अर्ध्या मिनिटाने उत्तर मात्र बरोबर येतं. (किराणा दुकानदार, लातूर)

उत्तर बरोबर येतं म्हणजे तुमचा हिशेब चोख आहे. अडचण वेगळीच आहे. गल्ल्यावर एकच माणूस आहे आणि तोच आत पोती मोजायला गेला, तर बाहेरच्या गिऱ्हाइकाला ओ द्यायला कोणी उरत नाही. बटणाचं फंक्शन चालू असतं तेव्हा मेनलूप तिथेच अडकलेला असतो. विंडोने 5 सेकंद रांगेकडे पाहिलं नाही, तर विंडोज तिला अडकलेली समजतं आणि तिच्या जागी फिकट प्रत उभी करतं.

तुम्ही फंक्शनच्या पहिल्याच ओळीत लेबलवर ‘हिशेब चालू आहे’ असं लिहिलं होतं आणि ते कधी दिसलंच नाही, असंही कळवलंत. त्याचं कारणही हेच. लेबल पुन्हा रंगवणं हेसुद्धा रांगेतलं काम आहे. फंक्शन संपेपर्यंत त्याचा नंबर लागत नाही. तेवढ्यापुरतं रूट.अपडेट_आयडलटास्क्स() लिहिलं की अक्षरं उमटतील, पण विंडो नंतर गोठेलच.

खरा इलाज म्हणजे कामाचे तुकडे पाडणं. एका वेळी 200 ओळी वाचा, कुठवर आलो ते लक्षात ठेवा आणि फंक्शनच्या शेवटी रूट.आफ्टर(10, पुढचा_टप्पा) लिहा. याचा अर्थ, 10 मिलिसेकंदांनी हे फंक्शन चालव, तोवर मी रांग सोडतो. मधल्या वेळेत क्लिकही घेतले जातात आणि लेबलही बदलतं. मात्र आफ्टरला फंक्शन न देता नुसता आकडा दिलात तर तेवढा वेळ प्रोग्राम झोपून राहतो. टाइम.स्लीपचंही तसंच, विंडोच्या फंक्शनमध्ये ते नकोच.

काम तोडता येत नसेल, समजा एकच मोठी फाइल नेटवरून उतरवायची आहे, तर ते वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे मुख्य कामाला समांतर चालणाऱ्या धाग्यात, टाका. पण त्या थ्रेडमधून लेबल, बटण कशालाही हात लावू नका. थ्रेडने निकाल क्यूमध्ये, म्हणजे दोघांमधल्या सामायिक रांगेत, ठेवायचा आणि मुख्य बाजूने आफ्टर वापरून दर 100 मिलिसेकंदांनी क्यू तपासायची. ही शिस्त मोडलेला प्रोग्राम दहादा नीट चालतो आणि अकराव्यांदा पडतो. असा दोष शोधण्यात रात्री जातात, म्हणून इतकं बजावून सांगतो आहे.

प्रश्न : बटण दाबायच्या आधीच ‘नोंद जतन झाली’ असा संदेश येतो, आणि दाबल्यावर काहीच होत नाही. (नाशिक)

तुम्ही कमांड=जतन() लिहिलंय; कंस काढा, कमांड=जतन एवढंच ठेवा. कंस दिले की बटण तयार होतानाच फंक्शन चालतं आणि त्याने परत दिलेलं ‘नन’ बटणाच्या वाट्याला येतं. फंक्शनला काही माहिती द्यायची असेल तर कमांड=लॅम्डा: जतन(क्रमांक). लॅम्डा म्हणजे जागीच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन.

प्रश्न : विंडो मोठी केली तरी मजकुराची चौकट कोपऱ्यातच राहते. पॅक वापरू की ग्रिड? (पुणे)

पॅक आणि ग्रिड या विंडोत घटक मांडायच्या दोन पद्धती. फॉर्म असेल तर ग्रिड. चौकट ताणली जायला दोन गोष्टी लागतात : चौकटीला स्टिकी=‘एनएसईडब्ल्यू’, आणि ती ज्या ओळीत व स्तंभात आहे त्यांना रोकॉन्फिगर व कॉलमकॉन्फिगरने वेट=1. बहुतेक जण पहिली करतात आणि दुसरी विसरतात. एकाच फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड एकत्र आणू नका. वेगवेगळ्या फ्रेममध्ये खुशाल वापरा.

प्रश्न : उबुंटूवर लेबलमध्ये ‘किंमत’ लिहिलं की वेलांटी क च्या उजवीकडे पडते, जोडाक्षरं फुटतात. विंडोजवर तोच कोड नीट दिसतो. फॉन्ट बदलून पाहिला, फरक नाही. (शिक्षक, रत्नागिरी)

हा प्रश्न आल्याचा मला मनापासून आनंद झाला, कारण आपल्या भाषेत प्रोग्राम करणाऱ्या प्रत्येकाला तो कधीतरी छळतो.

‘कि’ लिहिताना आपण वेलांटी डावीकडे काढतो, पण युनिकोडमध्ये आधी क साठवला जातो आणि नंतर वेलांटी. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर वाटतं. साठवणीत मात्र स, हलंत, त, हलंत, र, दीर्घ वेलांटी असे सहा घटक आहेत, आणि पायथनचा लेन() सहाच सांगतो. हे घटक जुळवून पडद्यावर अक्षर घडवणं, म्हणजे शेपिंग, हे वेगळंच काम आहे. टीकेइंटर ज्यावर उभं आहे ते टीके विंडोजवर ते काम विंडोजकडे सोपवतं. लिनक्सवर मात्र टीके 8.6 घटक एकामागून एक मांडत जातं. म्हणून फॉन्ट बदलून भागत नाही.

कृपया एक करू नका : दिसायला बरोबर यावं म्हणून मजकुरातच वेलांटी आधी टाइप करणं. मग शोध चालत नाही, क्रम लागत नाही आणि तो मजकूर दुसरीकडे नेला की तिथे मोडलेला दिसतो. मुलांसाठी मराठी स्क्रीन हवी असेल आणि शाळेत लिनक्स असेल, तर क्यूटीवर आधारलेली पायसाइड6 घ्या किंवा जीटीके; याही विंडो बनवायच्या लायब्ररी आहेत. दोन्हींच्या मागे शेपिंग करणारी हार्फबझ ही लायब्ररी आहे आणि मराठी नीट उमटते. नावाच्या रकान्यावर अक्षरमर्यादा घालाल तेव्हाही ‘स्त्री’चे सहा आठवा, नाहीतर आडनावं अर्ध्यात कापली जातील.

प्रश्न : मग टीकेइंटर शिकण्यात वेळ घालवू का? ते जुनाट दिसतं. (ठाणे)

घालवा. टीके हे जॉन औस्टरहाउट यांनी बर्कलेला टीसीएल भाषेसोबत घडवलं, त्याला तीन दशकं उलटून गेली. साधी बटणं जुनी वाटली तर टीटीके, म्हणजे टीकेइंटरमधलेच नव्या रूपाचे घटक, घ्या. उद्या थेट विंडोजच्या पातळीवर सी मध्ये लिहाल, तर गेटमेसेज आणि डिस्पॅचमेसेजचं चक्र हाताने लिहावं लागेल. क्यूटीत तेच चक्र एक्झेक या नावाने भेटेल. नावं बदलतात, रांग तीच. ती इथे दहा ओळींत कळते.

प्रश्न : अर्धवट भरलेला फॉर्म असताना कोणी फुली दाबली तर माहिती जाते. अडवता येईल का? (नागपूर)

येईल. रूट.प्रोटोकॉल(‘डब्ल्यूएम_डिलीट_विंडो’, बंद_करताना) असं लिहा. रोमनमध्ये हे नाव मोठ्या अक्षरांत टाइप करायचं. आता फुली दाबली की तुमचं फंक्शन चालेल आणि विंडो आपोआप बंद होणार नाही. फंक्शनमध्ये मेसेजबॉक्सने विचारा, आणि ‘हो’ आलं की रूट.डिस्ट्रॉय() स्वतः लिहा. ते राहिलं, तर फुली दाबूनही विंडो हटत नाही आणि माणूस थेट टास्क मॅनेजर उघडतो.