बेसवरचा जोडीदार तुझ्याहून नवा असेल तर

रविवारी इंदूरला बेसबॉलच्या सामन्यात पंच म्हणून पहिल्यांदा प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या मागे, उभी राहतेयस आणि बेसवरचा पंच, तुझा जोडीदार मुलगा, तर तुझ्याहून नवा आहे, म्हणून लिहितेय. सामन्याआधी अर्धा तास त्याला घेऊन मैदानावर फिर. पहिल्या बेसवर धावपटू असताना जोडीदार कुठे थांबेल, चेंडू आउटफिल्डला गेला तर तुमच्यातलं मागे कोण पळेल, हे प्रत्यक्ष चालून ठरवा. नुसतं तोंडी ठरवलेलं ऐन वेळी आठवत नाही गं.

इन्फिल्ड फ्लायची (बेसच्या आतल्या भागात उडालेला सोपा उंच झेल, जो सुटला तरी फलंदाज बाद) खूण मात्र पक्की हवी. पहिला-दुसरा किंवा तिन्ही बेस भरलेले आणि दोनपेक्षा कमी बाद, की दोघांनी छातीवर हात ठेवायचा. एकदा मी ती केलीच नाही. उंच चेंडू सुटला, जोडीदार गप्प, मीही गप्प, आणि दोन्ही प्रशिक्षक मैदानात! चूक माझी होती, बोलणी त्या पोराने खाल्ली. अजून वाईट वाटतं.

त्याचा निर्णय परस्पर बदलू नकोस. त्याने विचारलं तर बाजूला जाऊन तुला काय दिसलं तेवढंच सांग.

सामना संपल्यावर पोहे-जिलबी खाताना एकच चूक काढ. बहुधा घाईचीच असेल: चेंडू ग्लोव्हमध्ये नीट बसलेला दिसेपर्यंत बाद देण्यासाठी हात वर करायचा नाही.