कायदा आणि आपण : कुलमुखत्यारपत्र गरजेच्या वेळी उपयोगी पडते का?

प्रश्न : मी ७१ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून चोपडा तालुक्यात एकटी राहते. थोरला मुलगा सुरतला आणि धाकटा पुण्याला असतो. यजमानांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ते जळगावच्या एका रुग्णालयात अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि पुढे काय करायचे यावर दोन्ही मुलांचे फोनवर एकमत होत नव्हते. माझ्या वेळी तसे होऊ नये म्हणून, तेव्हा दवाखान्याचे सगळे पाहणाऱ्या माझ्या भाचीच्या नावे मी दस्तलेखकाकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतले आहे. त्यात ‘औषधोपचाराबाबतचे सर्व निर्णय’ असे शब्द आहेत. एवढे पुरेसे आहे का? शेतही आताच मुलांच्या नावावर करून टाकावे का?

उत्तर : बाई, दस्तलेखकाने आपल्याला फसवले असे मी म्हणणार नाही, पण या कागदाची मर्यादा त्याने सांगायला हवी होती. कुलमुखत्यार हा आपला प्रतिनिधी असतो आणि भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, नेमणाऱ्या व्यक्तीची समज गेली की हे प्रतिनिधित्व संपते. म्हणजे आपण शुद्धीवर, बोलत्या असाल तोवर, जेव्हा भाचीच्या सहीची फारशी गरजच नसते, तोवर हा कागद चालेल आणि आपण बोलू शकणार नाही त्या दिवशी त्याचा आधार सुटेल. नेमणाऱ्याची समज गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र काही देशांत असते. आपल्याकडे तसा कायदा नाही.

आपल्याला हवा आहे तो कागद वेगळा आहे. आपण बोलू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत आणि निर्णय कुणी घ्यावा, हे त्यात आधीच लिहून ठेवायचे असते; त्याला आगाऊ वैद्यकीय निर्देश म्हणतात. वर्तमानपत्रांत ‘लिव्हिंग विल’ हा शब्द रूढ आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग असल्याचे सांगून या निर्देशाला मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची स्वाक्षरी लागत असे आणि त्या अटीमुळे फारसे कुणी त्या वाटेला जात नसे. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती अट काढली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घेतला की झाले. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत, म्हणून भाचीला साक्षीदार करू नका. तिचे नाव कागदाच्या आत, निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून यायचे आहे. एकाहून अधिक नावे देता येतात. दुसरे नाव अवश्य द्या. भाचीही आजारी पडू शकते.

उपचार पुढे काही उपयोगाचे उरले नाहीत अशा अवस्थेत कोणते नकोत, हे मोघम लिहू नका. व्हेंटिलेटर, नळीने अन्न, डायलिसिस यांविषयी स्वतंत्र वाक्ये लिहा; ‘मला त्रास होऊ देऊ नये’ या वाक्यावर कोणताही डॉक्टर यंत्र बंद करणार नाही. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक नगरपालिका वा पंचायतीने असे कागद जपून ठेवण्यासाठी नेमलेल्या (अभिरक्षक) अधिकाऱ्याकडे द्यावी आणि पोच घ्यावी. विचार बदलला तर हा कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो.

मात्र भाचीने होकार दिला की लगेच उपचार थांबतात, असेही नाही. आधी उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे रुग्णालयातील मंडळ मत देते, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर ज्यात असतो असे दुसरे मंडळ ते तपासते; दोघांनी शक्यतो ४८-४८ तासांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे. आपल्या मुलांना हे मुद्दाम सांगा, कारण ‘ती एकटी ठरवणार’ ही धास्ती त्यामुळे बरीचशी कमी होईल. खरे तर कागद करण्याआधीच, दिवाळीला दोघे घरी आले की, भाचीच्या देखत हे बोलून घ्यावे. वडीलकीच्या मानाने थोरल्याचे नाव घालण्याचा आग्रह झाला तरी मी आपल्याच निवडीच्या बाजूने राहीन. सुरतेहून निघालेला माणूस पोहोचेपर्यंत डॉक्टरांना उत्तर हवे असते.

हा निर्देश उपचार नाकारण्यापुरता आहे. कोणत्या दवाखान्यात न्यावे, नंतर कुणाकडे राहावे, या इच्छा वेगळ्या पत्रात लिहून ठेवा. ते पत्र बंधनकारक नसले तरी वाद मिटवायला उपयोगी पडते. मानसिक आजाराच्या उपचारांपुरता प्रतिनिधी मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्यानेही नेमता येतो.

शेताविषयी माझे मत स्पष्ट आहे : आताच करून टाकू नका. करायचेच असेल तर बक्षीसपत्रात ‘माझा सांभाळ व औषधोपचार करावा’ ही अट शब्दांत लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे, अट मोडली गेल्यास तो व्यवहार रद्द करण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाता येते. अट लिहिलेली नसेल तर दाद मिळणे कठीण जाते.

प्रश्न : वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. ते कधी ओळखतात, कधी नाही. आताच त्यांचा अंगठा घेऊन आगाऊ वैद्यकीय निर्देशाचा कागद करता येईल का? (साक्री तालुका)

उत्तर : केवळ निदान झाले म्हणून अधिकार जात नाही, पण कागद काय आहे आणि त्याचा परिणाम काय, हे सही करताना त्यांना समजले पाहिजे. समजत असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन करा. समजत नसेल तर अंगठा घेऊ नका. तो कागद टिकणार नाही आणि उद्या भाऊबंदकीत तुमच्याच अंगावर येईल. निर्देश नसलेल्या रुग्णाबाबतही जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने, वर सांगितलेल्या दोन मंडळांमार्फतच निर्णय होतो. त्यांचे बँक खाते व जमीन यांसाठी मात्र त्यांच्या वतीने व्यवहार पाहणारा कायदेशीर पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावे लागेल. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर धुळे जिल्ह्यासाठी ते छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठ आहे.