कायदा सल्ला: कोर्टाने भरपाई दिली, पण पैसे येईनात

प्रश्न : बांधावरच्या भांडणात माझ्या धाकट्या भावाचा हात मोडला. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी आरोपीला कैद दिली, शिवाय भावाला ६०,००० रुपये भरपाई, न दिल्यास आणखी तीन महिने कैद, असा आदेश केला. सात महिने झाले, दमडी मिळाली नाही. ‘तीन महिने आत बसेन, पैसे देणार नाही,’ असं तो गावभर सांगत फिरतो. पैसे बुडाले का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नाही. पण शिक्षा होऊनही तो मोकळा फिरतोय, म्हणजे बहुधा सत्र न्यायालयात अपील करून त्याने शिक्षेला स्थगिती मिळवली आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्याच्या नावाने शोधा. अपील चालू असेल तर निकालापर्यंत रक्कम सहसा हातात पडत नाही. मात्र निदान काही भाग कोर्टात जमा करायला लावावा, ही विनंती सरकारी वकिलांमार्फत जरूर करा.

अपील नसेल, किंवा फेटाळलं गेलं, तर वसुलीला लागा. आपोआप काही होत नाही, इथेच बहुतेकांची वर्षं जातात. निकालाची प्रमाणित नक्कल काढा आणि त्याच कोर्टात वसुलीचा अर्ज द्या. खटला १ जुलै २०२४ पूर्वीपासून चालू असेल तर फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं ३५७, ४२१ आणि ४३१ लिहा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तीच अनुक्रमे ३९५, ४६१ आणि ४७१ आहेत. भरपाई दंडासारखी वसूल होते: कोर्ट जंगम मालमत्तेच्या जप्तीचं वॉरंट काढतं, किंवा वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतं आणि मग रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, जमिनीतूनही, वसूल होते.

अर्जाला आरोपीचा सातबारा, आठ-अ, ट्रॅक्टर किंवा मोटरसायकलचा नंबर, बँकेचं नाव जोडा. नुसतं नाव-गाव दिलं की वॉरंट ‘मालमत्ता आढळली नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. बांधावरून भांडणाऱ्याकडे सातबारा नसेल, असं होत नाही!

तीन महिने बसून सुटका होईल, हा त्याचा समज चुकीचा आहे. ती कैद भोगली तरी भरपाई वसूल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कुमारन विरुद्ध केरळ राज्य या निकालात म्हटलं आहे. तरी रेंगाळू नका; दंडवसुलीला साधारणपणे सहा वर्षांची मुदत असते.

रक्कम जमा झाली की ती काढण्यासाठी भावाने स्वतः अर्ज करायचा, सोबत ओळखपत्र आणि पासबुकची प्रत. पुढचं काम कोर्टातल्या नाझरकडे, म्हणजे पैशांचा हिशेब पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे. ६०,००० कमी वाटत असतील तर अपुऱ्या भरपाईविरुद्ध पीडिताला अपील करता येतं. दिवाणी दावाही लावता येतो, फक्त मिळालेली रक्कम त्यात हिशेबात धरली जाते.

प्रश्न : हल्लेखोर सापडलेच नाहीत. मग भरपाई कोण देणार?

उत्तर : सरकार. आरोपीचा माग लागला नाही आणि खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडिताला किंवा त्याच्या आश्रितांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. एफआयआरची प्रत, दवाखान्याची कागदपत्रं आणि बिलं, उत्पन्नाचा दाखला जोडा. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी महाराष्ट्रात ‘मनोधैर्य’ ही वेगळी योजना आहे, तिचीही विचारणा तिथेच करा.