सोलापुरात काळ्या मातीच्या प्लॉटवर घर, शोषखड्डा आणि बाग: काय काळजी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीहून सोलापूरला आलात, विजापूर रोडकडे काळ्या मातीचा प्लॉट घेतलात, ड्रेनेज लाइन अजून आलेली नाही, तर पाया, सेप्टिक टाकी आणि बाग यांत माती आडवी येईल का? येईल, तिन्हीत येईल. मी इथे बांधकामांवर देखरेखीचं काम करतो, रोज याच मातीशी गाठ असते.

तुमचा जांभा पाणी खाली सोडतो. आमची काळी पाणी धरून फुगते आणि सुकली की आकसते. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याच्या थरांमध्ये पाणी शिरतं. मे महिन्यात प्लॉटवरच्या भेगेत काठी घालून बघा किती आत जाते ते. हात नका घालू, विंचू असतात. सोलापूरला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. त्यामुळे उन्हाळ्यात रुंदावलेली भिंतीची चीर दिवाळीपर्यंत बऱ्यापैकी मिटते, मालक पुट्टी भरून रंग देतो आणि पुढच्या उन्हाळ्यात चीर पुन्हा तिथेच. रंगारी बदलून काही होत नाही.

म्हणून नकाशाच्याही आधी प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांत जेसीबीने खड्डे घेऊन मुरूम किती खाली लागतो ते बघा. माळावर वीतभर मातीखाली मुरूम असतो, ओढ्याकडच्या सखल भागात काळी संपता संपत नाही. शेजाऱ्याच्या पायावरून अंदाज बांधू नका. मुरूम चार-पाच फुटांवर असेल तर फुटिंग (खांबाखालचा रुंद तळ) सरळ कडक मुरमावर न्या, विषय संपला. काळी खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल लागतील: खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले खांब. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली. माती जिथे हलायची थांबते, म्हणजे साधारण 3.5 मीटरच्या खाली, तिथे तो फुगवटा धरून राहतो. हे डिझाइन माती परीक्षण बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच करायचं, मिस्त्रीच्या अनुभवावर सोडू नका.

आणखी एक ठिकाणी लक्ष ठेवा. पायातून निघालेली काळीच जोत्यात परत ढकलायची सवय इथे फार आहे. फुकटची भर म्हणून मालकही बोलत नाही. मग फरशी उचलते, टाइल पोकळ वाजायला लागते. जोत्यात मुरूमच, थर देऊन, पाणी मारून, धुमस करून. घराभोवती बाहेर उतार असलेली तीन-चार फुटांची फरसबंदीही करा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही.

शोषखड्डा म्हणजे सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारं पाणी मुरवायचा खड्डा. त्यात लोक फसतात ते चाचणीमुळे. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतलं की गटागट उतरतं, पण ते भेगांतून. पावसाळ्यात त्याच भेगा मिटतात, खड्डा भरून येतो आणि संडासात पाणी तुंबतं. म्हणून चाचणीआधी खड्डा रात्रभर पाण्याने भरून मुरवा, सकाळी पुन्हा भरून पातळी किती उतरते ते मोजा. आता याच्या उलट प्रकार: काळीला कंटाळून लोक खड्डा थेट खडकापर्यंत नेतात. भेगाळलेला बेसॉल्ट पाणी हसत घेतो, पण गाळत नाही. ते घाण पाणी तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या बोअरला जाऊन मिळू शकतं. त्यापेक्षा उथळ, लांब चर मुरमाच्या थरात घ्या आणि बोअरपासून निदान साठ फूट दूर ठेवा. मुरूमही पाणी घेत नसेल तर बंद टाकी बांधून वेळोवेळी गाडी बोलावून उपसा. घर मुरमावर उभं आणि टाकी काळीत, म्हणजे दोघं वेगवेगळी हलणार; मधल्या पाइपला लवचीक जोड द्या, नाहीतर पहिल्यांदा तोच तुटेल.

बागेचं सोपं आहे, फक्त कोकण विसरा. माती अल्कधर्मी, त्यात चुनखडी. अनंत, एक्झोरा यांची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोह कमी पडतंय समजा. मातीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) नुसतं बुंध्याशी टाकलं तर तेही लवकरच अडकतं. चिलेटेड लोह (मातीत सहज न अडकणारं लोहखत) द्या, शेणखत भरपूर घाला. ओल्या काळीत कुदळ घालू नका, वाफसा येऊ द्या. डाळिंब हलक्या मुरमाड जमिनीत खूश असतं. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, एकदा चक्कर मारा. खोल काळीत लावायचं तर उंच वाफ्यावर, मुळाशी पाणी साचता कामा नये. मोठी झाडं भिंतीपासून लांब. उन्हाळ्यात ती पायाखालची ओल ओढतात आणि तेवढाच कोपरा खचतो.

पायातून निघालेली वरची फूटभर काळी मात्र ट्रॅक्टरवाल्याला देऊन टाकू नका. एका बाजूला ढीग करून ठेवा, शेणखतात मिसळून वाफे भरायला तीच लागेल.