निर्वासितांना ब्रिटन-अमेरिकेत सरकार घर, पैसे सगळं फुकट देतं का?

तुम्ही विचारलंय की परदेशात निर्वासितांना सरकार घर, खर्चाला पैसे सगळं फुकट देतं म्हणतात ते खरं का, आणि व्हिसावर आलेल्या एखाद्याने असायलम म्हणजे आश्रय मागितलं तर त्यालाही ते चालू होतं का. मी ब्रिटनमध्ये राहते आणि इथल्या एका छोट्या संस्थेत लोकांचे फॉर्म भरून द्यायला, सरकारी पत्रं समजावून सांगायला जाते, त्यामुळे इथलं बरंचसं जवळून बघितलंय, बाकी देशांचं वाचून माहितीये. तर मिळतं, पण कुणाला ते बघायला लागेल, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरत असतं त्यात दोन पूर्ण वेगळ्या लोकांची खिचडी केलेली असते.

पहिले म्हणजे ज्यांना सरकार स्वतःच विमानाने घेऊन येतं ते. सिरियातलं युद्ध पेटलं तेव्हा लेबनॉन, जॉर्डन, तुर्कस्तानात लाखो लोक अडकून पडले, त्यातल्या कुणाची अवस्था सगळ्यात बिकट आहे ते यूएनएचसीआर म्हणजे युनोची निर्वासितांची संस्था बघते आणि नावं पुढे पाठवते, घ्यायचं की नाही ते मात्र त्या त्या देशाचं सरकार ठरवतं. जगभरातल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्क्याहून कमी लोकांचा असा नंबर लागतो. ब्रिटनने २०१५ मध्ये २०,००० सिरियन लोकांना आणायचं जाहीर केलं आणि २०२१ पर्यंत तेवढे आणलेही. या लोकांना पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा असते, इथल्या नागरिकासारखे भत्ते मागता येतात, आणि वर केंद्र सरकारने कौन्सिलला, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेला, दर माणसामागे पाच वर्षांत मिळून २०,५२० पौंड द्यायचे असा दर ठरला, पहिल्या वर्षी ८,५२०, मग ५,०००, असं उतरत उतरत पाचव्या वर्षी १,०००. आता हा आकडा कुणीतरी फॉरवर्ड करतं आणि लोकांना वाटतं एवढे पैसे त्या माणसाच्या खात्यात पडले! ते जातात कौन्सिलकडे, आणि त्यातून एअरपोर्टवर घ्यायला येणारा माणूस, डॉक्टरकडे नाव नोंदवणं, मुलांची शाळा, बँकेचं खातं, इंग्रजीचे क्लास, दुभाषा हे सगळं भागवायचं असतं.

अमेरिकेत १९८० च्या कायद्याने हे सगळं बसवलं. तिथे पहिले ९० दिवस एखादी स्थानिक संस्था सरकारी पैशावर घर, भांडीकुंडी, कागदपत्रं वगैरे बघते, आणि पुढे ज्यांना मुलंबाळं नाहीत आणि दुसरी सरकारी मदत लागू होत नाही त्यांना वेगळी रोख मदत असते. ती सुरुवातीला ३६ महिने मिळायची, कापत कापत १९९१ मध्ये ८ महिन्यांवर आली, २०२१ मध्ये १२ केली आणि २०२५ मध्ये थेट ४. त्याच वर्षी जानेवारीत बाहेरून आणणंच, थोडे अपवाद सोडले तर, थांबवलं. आणि एक गोष्ट ऐकून इथले लोकसुद्धा चमकतात, अमेरिकेत या निर्वासितांचं विमानाचं तिकीट फुकट नसतं. ते बिनव्याजी कर्ज असतं आणि पोचल्यावर काही महिन्यांतच हप्ते सुरू होतात, म्हणजे माणूस अजून पहिली नोकरी शोधतोय आणि डोक्यावर घरातल्या सगळ्यांच्या तिकिटांचं कर्ज. कॅनडातही कर्जच, त्यावर २०१८ पर्यंत व्याजसुद्धा होतं. बाकी कॅनडाची पद्धत मला त्यातल्या त्यात बरी वाटते, सरकार साधारण वर्षभर सांभाळतं आणि १९७९ पासून सामान्य लोकांना ग्रुप करून, स्वतःचे पैसे घालून एखादं कुटुंब आणता येतं, व्हिएतनाम-कंबोडियातून निघालेले कितीतरी लोक तसेच तिथे पोचले. शेजारीपाजारीच जबाबदार असले की नोकरी लवकर लागते असं माझं मत.

दुसरे लोक म्हणजे जे स्वतःच कसेबसे पोचतात, बोटीतून, ट्रकमधून, किंवा सरळ विमानाने, आणि इथे आल्यावर असायलमचा अर्ज करतात. यांना कुणी निवडून आणलेलं नसतं, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत ते कायद्याने अजून निर्वासित ठरलेले नसतात. सरकारने लोकांना ठेवलेलं जे हॉटेल बातम्यांत दिसतं ते यांचं. ज्याच्याकडे स्वतःचं काही नाही त्याला राहायला जागा मिळते, पण कुठे ते सरकार ठरवणार, ओळखीच्यांपासून दोनशे मैलांवर पाठवलं तरी जायचं, आणि स्वतः रांधून खायचं असेल तर आठवड्याला माणशी ४९ पौंड १८ पेन्स. जिथे जेवण दिलं जातं तिथे आठवड्याला दहा पौंडांच्याही आत. हे पैसे एका कार्डावर जमा होतात आणि ते कार्ड कुठे वापरलं ते गृहखात्याला बघता येतं. माझ्याकडे एक बाई यायच्या, त्या प्रत्येक वेळी टेबलावर बसची तिकिटं ओळीने मांडायच्या, एक वकिलाकडे जायचं, एक दवाखान्याचं, एक इंग्रजीच्या क्लासचं, आणि मग मला विचारायच्या की यातलं कुठलं या आठवड्यात नको. दवाखाना फुकट आहे, मुलांची शाळा फुकट आहे, हे खरंय आणि चांगलंच आहे, पण तिथपर्यंत जायला पैसे लागतातच ना.

आणि मग हमखास येणारा प्रश्न, काम का नाही करत हे? अहो करू देत नाहीत. ब्रिटनमध्ये अर्ज १२ महिने लटकला, तोही तुमच्या चुकीने नाही, तर परवानगी मागता येते आणि तीसुद्धा ठराविक यादीतल्या कामांसाठीच. इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाच्या इंग्रजीच्या वर्गालासुद्धा सहा महिने थांबायला लागतं. युरोपियन युनियनमध्ये नियम जरा सैल आहेत. अमेरिकेत बरोब्बर उलटं, केंद्र सरकार असायलम मागणाऱ्याला हातात काहीच देत नाही, पण अर्ज करून १८० दिवस झाले की कामाचं परमिट मिळू शकतं असा नियम होता. ब्रिटनची पद्धत म्हणजे धड काम करू देत नाही, धड भागेल एवढं देत नाही, आणि वर लोकांनी म्हणायचं बसून खातात. मला तरी यात शहाणपणा दिसत नाही.

पैसा जातो मात्र प्रचंड, तोही खोटा नाही. ब्रिटनच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०२५ मध्ये सांगितलं की २०१९ ते २०२९ या दहा वर्षांच्या निवासाच्या कंत्राटांचा खर्च आधी ४.५ अब्ज पौंड धरला होता तो आता १५.३ अब्जांवर जाईल. आणि त्यात हॉटेलात राहणारे लोक साधारण ३५ टक्के पण खर्चात हॉटेलांचा वाटा ७६ टक्के. म्हणजे अर्ज तुंबले, घरं कमी पडली, म्हणून हॉटेलं घेतली, आणि पैसा गेला खोल्यांच्या भाड्यात. शिवाय पहिल्या वर्षाचा हा खर्च गरीब देशांना द्यायच्या मदतीच्या बजेटमध्ये दाखवता येतो, नियमच तसा आहे, त्यामुळे तिकडची मदत कापून इकडची बिलं भरली जातात. यावर फारसं कुणी बोलत नाही.

सगळ्यात वाईट आठवडे कुठले असतील तर निकाल हवा तसा लागल्यानंतरचे. खोटं वाटेल पण खरंय. रेफ्युजी स्टेटस, म्हणजे निर्वासित म्हणून मान्यता, मिळाल्याचं पत्र येतं, लोक रडतात, घरी फोन लावतात, आणि मग दुसरं पत्र येतं, त्यात जागा सोडायची आणि कार्ड बंद व्हायची तारीख. मुदत मुळात २८ दिवसांची. आता इथला बेकार भत्ता अर्ज केल्यापासून पहिला हप्ता यायलाच पाच आठवडे, म्हणजे ३५ दिवस, तुम्हीच वजाबाकी करा. मधे आगाऊ रक्कम मिळते पण ती पुढच्या हप्त्यांतून कापतात. २०२४ च्या डिसेंबरपासून ५६ दिवस देऊन बघितले, पुढच्या वर्षी एकट्या माणसांसाठी परत २८ वर आणले. एकटा, धडधाकट पुरुष असेल तर इंग्लंडमध्ये कौन्सिलवर त्याला घर द्यायचं बंधनही नाही. त्यामुळे कालपर्यंत ज्याला छप्पर होतं तो स्टेटस मिळाल्यावर रस्त्यावर झोपतो, हे मी एकदा नाही बऱ्याचदा बघितलंय. मी सगळ्यांना हेच सांगते की आनंद करा पण आजच बँकेचं खातं आणि भत्त्याचा अर्ज सुरू करा, दुसऱ्या पत्राची वाट बघू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, व्हिसावाल्यांचा. अर्ज केला की पैसे सुरू असं काही नाहीये. मदतीचा फॉर्म वेगळा असतो आणि त्यात तुम्ही कफल्लक आहात किंवा येत्या १४ दिवसांत व्हाल हे दाखवायला लागतं, बँकेची स्टेटमेंट, घरचे पैसे पाठवतात का, आत्तापर्यंत कुणाकडे राहिलात, सगळं विचारतात. ज्याची कॉलेजची फी भरलेली आहे, घरून पैसे येतायत, त्याला बहुतेक काही मिळणार नाही. खरंच जिवाला धोका असेल तर नक्की अर्ज करावा, उशीर न करता करावा, आणि पैसे नसतील तर सरकारी खर्चाने वकील मिळतो तो घ्यावा. पण ‘तुम्ही फक्त सही करा, घर आणि पगार चालू होईल’ असं सांगणारा एजंट भेटला असेल तर आधी अशा सल्लागारांची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अ‍ॅथॉरिटीच्या यादीत त्याचं नाव आहे का बघा. नसेल, आणि तो वकीलही नसेल, तर असा सल्ला देणं हाच इथे गुन्हा आहे.