वाचक विचारतात : ‘बायबलात कुठे लिहिलंय ते दाखव’

प्रश्न (खानापूरहून एक वाचक): माझं माहेर मेथडिस्ट (प्रोटेस्टंट), सासर कॅथलिक. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिवशी, सासूबाई आम्हा सगळ्यांना घेऊन सिमेट्रीत जातात, कबरींवर फुलं, मेणबत्त्या, फादर प्रार्थना करतात, मीपण जाते. यंदा भाऊ फोनवर म्हणाला, मेलेल्यांसाठी प्रार्थना करा असं बायबलात कुठे लिहिलंय ते दाखव, ही नुसती माणसांनी काढलेली परंपरा. सासूबाई म्हणतात आमच्या बायबलात आहे की. दोघंही खोटं बोलणारी नव्हेत ओ, मग खरं काय?

उत्तर: ताई, दोघंही खरंच बोलतायत. दोन्ही घरची बायबलं काढा आणि अनुक्रमणिका बघा. माहेरच्यात 66 पुस्तकं असतील, सासरच्यात 73. जास्तीच्या 7 मधलं एक म्हणजे मक्काबींचं दुसरं पुस्तक, त्याच्या 12 व्या अध्यायात यहुद्यांचा सेनापती यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या सैनिकांच्या पापासाठी 2000 द्राख्मा चांदी गोळा करून यरुशलेमला अर्पणासाठी पाठवतो, आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं चांगलं असं तिथं म्हटलंय. सासूबाईंचा आधार तो. भावाच्या बायबलात ते पुस्तकच नाही, तर त्याला सापडणार कुठून?

आता कुठली पुस्तकं शास्त्र आणि कुठली नाहीत, ही यादी बायबलातल्या कुठल्याच पुस्तकात नाही (अनुक्रमणिका छापणाऱ्याने घातलेली, ती धरू नका). नव्या कराराची आजची 27 पुस्तकं, बरोबर तेवढीच, पहिल्यांदा दिसतात ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या 367 सालच्या ईस्टर पत्रात, म्हणजे येशूनंतर 300 हून जास्त वर्षांनी. तोवर मंडळ्यांमधे (म्हणजे चर्चमधे) काय वाचत आले, प्रेषितांकडून आलेलं कुठलं मानत आले, त्यावरूनच हे ठरत गेलं ना? त्यामुळे ‘फक्त शास्त्र’, म्हणजे बायबलात आहे तेवढंच मानायचं, असं म्हणणाऱ्याच्या हातातलं शास्त्रसुद्धा परंपरेच्या हातूनच आलंय असं माझं मत.

भावाचा अभ्यास असेल तर तो म्हणेल, मंडळीने पुस्तकांना अधिकार दिला नाही, असलेला अधिकार फक्त ओळखला, आणि ती 7 पुस्तकं यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रात नाहीत म्हणून बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमलासुद्धा शंका होती. यात दम आहे, उगाच हसू नका. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरनेही ती फाडून टाकली नव्हती, 1534 च्या जर्मन बायबलात वेगळी ठेवली, शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत पण वाचायला चांगली असं लिहून. मग 1546 मधे ट्रेंटच्या परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या सभेने) कॅथलिकांची यादी पक्की केली आणि त्याच बैठकीत शास्त्र आणि परंपरा दोन्हींना सारखाच मान असंही ठरवलं. म्हणजे तुमच्या घरातलं भांडण तेव्हापासूनचं आहे बघा.

आणि भावाला एक विचारा, मेथडिस्ट घर म्हणजे त्याचा बाप्तिस्मा तान्हा असतानाच झाला असेल, तो कुठल्या वचनावर? प्रेषितांची कृत्ये 16 मधे तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला असं आहे, पण त्यात बाळ होतं असं काही लिहिलेलं नाही. तुम्ही सिमेट्रीत खुशाल जा, प्रार्थना म्हणायची की नुसतं उभं राहायचं ते तुमचं तुम्ही बघा, सासूबाईंना त्याचं काही वाटायचं नाही.

प्रश्न (निपाणीहून): पण येशूनेच मार्कच्या शुभवर्तमानात, 7 व्या अध्यायात, परंपरेला झोडपलंय ना?

उत्तर: झोडपलंय, पण कशावरून ते वाचा की. आईबापाला द्यायचं ते ‘देवाला अर्पण केलंय’ म्हणून हात झटकायचे, आणि वर ही वाडवडिलांची रीत म्हणायची, त्यावरून. सगळ्याच परंपरा टाका असं तिथं नाही. पौल तर थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात, 2:15 मधे, तोंडी असो की पत्राने, शिकवलेल्या परंपरा धरून ठेवा म्हणतो. पुढच्या वेळी कुणी मार्क 7 काढलं तर हे पण पान उघडायला लावा, ते 66 वाल्या बायबलातही आहेच.